राखीव साचा

"पण पत्राच्या साच्याचं नाव ऐन वेळी ठरवून त्याला थेट हाक का नाही मारता येत?" तॅमसिनने विचारलं.

"कारण एक्सएसएलटीला, या आपल्या पत्रं काढायच्या संगणकी भाषेला, ते चालत नाही," ग्लेनिस म्हणाली. "हाक मारायची तर नाव आधीच लिहून ठेवावं लागतं. ऐन वेळी निवडायचं असेल तर त्या माणसाची नोंदच पुढे करायची. जो साचा जुळेल तो तिला उचलतो आणि पत्र तयार होतं."

तॅमसिनने ते वहीत उतरवून घेतलं.

ग्लेनिसने चष्मा काढून डोळे चोळले. एकोणीस वर्षं ती लॉन्सेस्टनच्या या पाणी कंपनीची पत्रं काढत होती. पाणी बंद राहील, मीटर बदलणार, असली. या वेळची पत्रं मात्र ऑफिसातल्याच चाळीस जणांना जाणार होती. साचे तीन: इथेच राहणे, होबार्टला बदली, नोकरी संपली. प्रत्येकाच्या नोंदीत निर्णय साहेब भरणार, म्हणजे डर्क. ग्लेनिसला सरावापुरती खोटी नावं दिली होती.

हे काम तिला मनापासून नकोसं झालं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण विचारणार, या धास्तीने ती ते ओढत होती. "तुला कसली काळजी? तुझ्याशिवाय हे चालवणार कोण?" असं डर्क म्हणाला होता खरा. पण तॅमसिन सगळ्यांत शेवटी लागलेली. कुऱ्हाड पहिली तिच्यावरच पडणार.

"आणि एकही साचा जुळला नाही तर?"

"मग भाषेचा स्वतःचा नियम लागतो. नोंदीत जे लिहिलंय ते सगळं भडाभडा बाहेर. मी एरवी शेवटी एक राखीव साचा ठेवते, पण डर्क म्हणतो निर्णय तीनच आहेत. आता माझ्यात जोर नाही गं."

"राहू दे मग. किती दमलीयस!" तॅमसिनने चहा आणि लॅमिंग्टन केकचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "आधी खाऊन घे."

"एवढी सेवा माझ्या नवऱ्याने तीस वर्षांत केली नाही."

"त्याला कुठे एक्सएसएलटी शिकायचंय!"

"तू तरी शिकून काय करणारेस?"

"असू दे. कुठे मुलाखतीला गेले तर कामी येईल."

ग्लेनिसने तिची खुर्ची आपल्या पडद्याजवळ ओढून घेतली. त्या आठवड्यात तिने हातचं काही राखलं नाही. फाइली कुठे असतात, कोणती आधी चालवायची, कुठे अडतं, सगळं दाखवलं. गुरुवारी तॅमसिनने अख्खं काम तिच्यादेखत एकटीने चालवून दाखवलं, तेव्हा ग्लेनिस उठली आणि तडक डर्ककडे गेली.

"तॅमसिनला काढू नकोस."

डर्कने खिडकीबाहेर पाहिलं. "फार जीव आहे तुझा तिच्यावर."

"जीवाचा प्रश्न नाही. पोरगी तयार झालीय. माझ्याइतकंच येतं तिला."

"सगळं?"

"अगदी सगळं."

"बरं झालं सांगितलंस," डर्क म्हणाला. "मी लक्षात ठेवतो."

किती दिवसांनी तिला हलकं वाटलं.

शुक्रवारी सकाळी डर्कने खरी यादी लावली. पत्रांच्या घड्या घालून पाकिटं बंद करण्याचं काम यंत्राचंच, त्यामुळे मध्ये कोणाची नजर पडली नाही. दहा वाजता पाकिटं टेबलांवर आली. पलीकडच्या टेबलांवरच्या दोघीजणी हुंदके देत बाहेर गेल्या. तॅमसिनने आपलं पाकीट फोडलं, वाचलं, आणि हळूच म्हणाली, "राहिले मी."

ग्लेनिसने तिला घट्ट मिठी मारली. तिचेच डोळे भरून आले. तॅमसिन मात्र ताठ उभी होती.

"तुझं उघड ना," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता.

"माझ्यात काय असणार," म्हणत ग्लेनिसने कागद उलगडला. वर पत्ता नव्हता, मायना नव्हता, खाली सही नव्हती. कोऱ्या पानाच्या डोक्यावर एकच ओळ होती:

ग्लेनिस हॅलम पत्रे निघेपर्यंत ठेवणे मग कमी करणे जागी तॅमसिन ती पूर्ण तयार असल्याची खात्री गुरुवारी खुद्द ग्लेनिसनेच दिली