नो क्लेम बोनस

रिटायर झाल्यावर उत्तमरावांनी जुन्या व्हॅनमध्ये पलंग बसवला, शेगडी ठेवली, पडदे शिवून घेतले. सोनाळ्याबाहेर फारशी न गेलेल्या कोकिळाबाईंना, आपल्या बायकोला, त्यांना समुद्र दाखवायचा होता.

यंदा विमा भरताना एजंट खूश झाला. "काका, इतक्या वर्षांत एकही क्लेम नाही. नो क्लेम बोनसनं हप्ता बराच उतरला पाहा. एवढी जपून चालवता तरी कशी?"

"हळूच चालवतो, बापा. तुह्या काकूले भेव वाटते."

संध्याकाळी रोजच्यासारखं त्यांनी लकवा झालेल्या कोकिळाबाईंना उचललं, अंगणात कधीपासून विटांवर उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये निजवलं, पडदे ओढले आणि इंजिन सुरू केलं.



"झोप आता. उठशीन तवा समुद्र आला असन."