खबर नसलेली मुलं

"मुंबईला नेऊन उपयोग नाही, अभिमनभाऊ," डॉक्टर लीलाधर चौधरी म्हणाले. "पोरीचे हाल होतील. घरी न्या. तिला आवडेल ते खाऊ घाला."

अभिमन साक्रीकडचा शेतकरी. त्याच्या मांडीवर सहा वर्षांची मंदा पेंगत बसली होती. पायांवर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त. तिच्या रक्ताचा नमुना डॉक्टरांनी स्वतः तपासला होता. रक्ताचा कर्करोग होता, त्यात शंका नव्हती.

"साक्रीना डाक्टरनी बी हाईच सांगं," अभिमन म्हणाला. "तुमनं लिखेल त्यासनी वाची दखाडं. खानदेशना एकबी पोऱ्या वाचना नही, म्हने. मी म्हनं, एकदाव तुमना तोंडतून आयकी येऊ."

त्याने हात जोडले, पोरीला खांद्यावर घेतलं आणि निघून गेला.

डॉक्टर मनाने वाईट नव्हते. धुळ्यात दवाखाना थाटला तेव्हा अशी मुलं ते मुंबईलाच पाठवत. चिठ्ठी द्यायचे, धीर द्यायचे. मग कधी तरी एखादा बाप एकटाच परत येई आणि दारात उभ्यानेच सांगून जाई. बाकीच्यांचं काहीच कळत नसे. पुढे डॉक्टरांनी या मुलांवर शोधनिबंध लिहायला घेतला. ज्यांची खबर नाही त्यांचं काय धरायचं, हा प्रश्न आला. खबर नाही याचा अर्थ उघडच आहे, असं त्यांना वाटलं. ती सगळी मुलं त्यांनी दगावलेली धरली. तशी ओळही बारीक अक्षरात छापली. निबंध गाजला. नंतरच्या अभ्यासकांनी त्याचे दाखले दिले. तालुक्यातालुक्यांतले डॉक्टर तो वाचून मुलांना मुंबईला पाठवेनासे झाले. त्यालाही पाच वर्षं झाली होती. गरिबांची फरफट आपण थांबवली, याचं डॉक्टरांना समाधान होतं.

अभिमन गेला तशी भडगावची कलाबाई आत आली. तिच्यामागे नुकतंच मिसरूड फुटलेला एक उंच मुलगा होता. तिने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

"वळख पटनी का साहेब? हाऊ वाल्मीक. तुम्हीच याले मुंबईले धाडं व्हतं. धावी पास व्हयना."

 डॉक्टरांनी उठून मुलाच्या पापण्या ओढून पाहिल्या. मान चाचपली, बगला चाचपल्या, त्याला खाटेवर झोपवून पोट दाबून पाहिलं. कुठे काही नव्हतं.

"औषध चालू आहे?"

"कव्हयनं बंद करं त्यासनी. आते वरीसमा एकदाव नुस्तं दखाडाले जातस."

"तिथं आपल्याकडचं आणखी कोणी होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"असोदाना झुलालभाऊना पोऱ्या व्हता. तो आते ट्रॅक्टर चालाडस." कलाबाई पुढे म्हणाली, "काही गयात, साहेब. आमना शेजारना खाटवरली पोर गई. पन बठ्ठा नही गयात."

डॉक्टरांनी वाल्मीकचं मनगट धरलं. "चल माझ्याबरोबर. ताई, तुम्हीही चला." बाहेर रोगी बसले होते, त्यांच्याकडे न बघता ते रस्त्यावर आले आणि त्यांनी रिक्षा थांबवली.

बसस्थानकात साक्रीची गाडी भरत होती. अभिमन खिडकीपाशी बसला होता. डॉक्टर माणसांतून वाट काढत आत शिरले.

"खाली उतरा, अभिमनभाऊ. मंदाला मुंबईला न्यायचंय."

अभिमन गोंधळला. "आतेच तर तुम्ही सांगं..."

"मघाशी चुकीचं सांगितलं. लिहिलं तेही चुकीचं."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. अभिमन जागचा हलला नाही. एकाच दिवशी एकाच माणसाने दोन गोष्टी सांगितल्या, तर त्यातली कुठली धरायची, ते त्याला कळेना.

डॉक्टरांनी वाल्मीकला पुढे केलं. "ही वाचेलच असं मी म्हणत नाही. पण याला बघा. याला हाच आजार होता. आणि मी याला मेलेला धरलं होतं."

वाल्मीकनेही चमकून डॉक्टरांकडे पाहिलं. अभिमनने हात पुढे करून त्याचा दंड धरला, जरा दाबून पाहिला. मग मंदाला उचललं आणि तो गाडीतून उतरला.

पुढचं कलाबाईने हातात घेतलं. तिला चाळीसगाववरूनच घरी जायचं होतं. "मी चाळीसगावले तुम्हले मुंबईनी गाडीमा बसाडी देस," ती अभिमनला म्हणाली. "धरमशाळा कोठे शे, पोरले काय खावाले देवानं, बठ्ठं सांगस." डॉक्टरांनी बाकावर बसून चिठ्ठी लिहिली.  अभिमनने ती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. वाल्मीकने मंदाला कडेवर घेतलं. त्याच्या गळ्यात हात टाकून ती पुन्हा झोपी गेली.

चाळीसगावची गाडी सुरू झाली. डॉक्टर खिडकीपाशी आले. त्यांना राहवलं नाही.

"ताई, एवढ्या वर्षांत एकदा तरी येऊन सांगायचं होतं, पोरगा बरा झाला म्हणून."

"आम्ही येल व्हतूत ना साहेब," कलाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "औषध बंद व्हयनं तव्हय याले दखाडाले उनथूत. तुम्ही पुण्याले गयेल व्हतात. शिपाई बोलना, मुंबईले धाडेल पोऱ्यासवर साहेबसनं भाषण शे."