चौथी गाठ

"किती?" ताईंनी विचारलं.

"चार," चेकर मावशी म्हणाली.

जेवणाच्या हॉलमध्ये हशा पिकला. रांगेतल्या सगळ्या बायकांचं उत्तर आतापर्यंत तीनच आलं होतं. शर्टांच्या कारखान्यात आज कॅन्सर संस्थेच्या ताई आल्या होत्या, आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर, कपड्यांवरूनच, स्तनांचा सिलिकॉनचा जाडजूड नमुना पट्ट्यांनी बांधला होता. नमुना टेबलावर ठेवला की बायका लाजतात, एकमेकींना कोपरानं ढोसतात आणि हात काही लावत नाहीत. माणसाच्या अंगावर बांधला की निमूट पुढे येतात, हा ताईंचाच शोध. नमुन्यात मुद्दाम तीन गाठी बसवलेल्या होत्या: एक वाटाण्याएवढी, एक शेंगदाण्याएवढी आणि एक मण्याएवढी, खोल. दाबायचं, शोधायचं, आकडा सांगायचा. मग ताई म्हणायच्या, घरी स्वतःला असंच तपासायचं, महिन्यातून एकदा, दोन मिनिटंही लागत नाहीत.

ताईंनी हसत सांगितलं की गाठी तीनच आहेत, हाताला पट्टीचं बक्कल लागलं असेल. मावशी हसली नाही. वीस वर्षं ती तयार शर्ट तपासत होती. शिवणीवरून बोटं फिरवून सुटलेला टाका शोधायची, तिथं बाणाचं इवलंसं लाल स्टिकर लावायची आणि शर्ट परत धाडायची. तिनं परत धाडलेल्या शर्टाबद्दल कुणी हुज्जत घालत नसे.

तिनं पुन्हा हात ठेवला. डावीकडे, वर, काखेजवळ. "ही."

ताईंनी स्वतः तिथं दाबून पाहिलं. नुसतं मऊ सिलिकॉन. काही नव्हतं.

तेवढ्यात काजं करणारी पुढे आली आणि हळूच म्हणाली की मघाशी तिलाही चारच लागल्या होत्या, पण सगळ्या तीन म्हणत होत्या म्हणून तीही तीन म्हणाली. कुठे, असं विचारल्यावर तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. मग इस्त्रीवालीनं. मग आणखी दोघींनी. डावीकडे, वर, काखेजवळ. हसणं कधीच थांबलं होतं.

नमुना बिघडला वाटतं, ताई म्हणाल्या, ऑफिसला कळवायला हवं. त्यांनी पट्ट्या सोडल्या, नमुना टेबलावर ठेवला आणि मावशीला डोळे मिटून मोजायला सांगितलं. तीन. सुपरवायझर बाईंनी तो आपल्या अंगावर बांधून घेतला. तीन. काजं करणारीला तीन, इस्त्रीवालीलाही तीन. ताईंनी सुस्कारा सोडला आणि नमुना पुन्हा स्वतःला बांधला.

मावशीचं बोट थेट तिथं गेलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं.

"चार," ती म्हणाली.

एवढ्या जाड सिलिकॉनमधून खालचं काही हाताला लागत नाही. हे ताईंना पक्कं माहीत होतं. तरी त्यांना भीती वाटली. घाबरायचं नाही, वेळेत सापडलं तर बरं होतं, हे त्यांचं नेहमीचं वाक्य सवयीनं तोंडात आलं, पण अर्ध्यावरच राहिलं. समोरच्या बायका एकेक पाऊल मागे सरकल्या होत्या.

"ताई, तुम्ही स्वतःला कधी तपासलंय?" मावशीनं विचारलं.

"मी रोज शिकवते, मावशी."

"ते नाही विचारलं मी."

गावभरच्या बायकांना दटावून, गोंजारून तपासायला लावणाऱ्या ताईंचा स्वतःचा हात कधी तिथं गेला नव्हता. आज बघू, उद्या बघू, घरचं आवरलं की बघू. बायका देतात ती सगळी कारणं त्यांना तोंडपाठ होती, आणि त्यातली निम्मी त्यांची स्वतःचीच होती.

मावशीनं सवयीनं खिशातून स्टिकरची पट्टी काढली होती. एक लाल बाण सुटून तिच्या अंगठ्यावर आला. हात पुढे गेला, तसाच हवेत थांबला. मग तिनं तो बाण टेबलाच्या कडेला चिकटवून टाकला.

"मी कापडाला लावते," ती म्हणाली. "माणसाला नाही. तुमचं तुम्ही बघा."

हॉलला लागून कपडे बदलायची खोली होती. ताईंनी नमुना सोडून टेबलावर ठेवला, आत गेल्या आणि कडी लावून घेतली. मावशी दाराशी जाऊन उभी राहिली. बाकीच्या तिच्यामागे आल्या, आणि कुणी न सांगता पुन्हा रांग लागली. सुट्टी संपल्याची घंटा झाली. एकही जण हलली नाही, आणि सुपरवायझर बाईंनी कुणाला हाकललं नाही.

आतून काही ऐकू येत नव्हतं. दोन मिनिटं झाली. मग आणखी दोन.

मावशीनं दारावर बोटानं टकटक केलं.

"किती?"



"एक," ताई आतून म्हणाल्या.