करंगळीपलीकडचं बोट

तीस वर्षं बस हाकून रिटायर झालेल्या आजोबांनी आता सुया हाती घेतल्या होत्या. घरादाराला हातमोजे विणून द्यायचे, असं त्यांनी मनावरच घेतलं. पहिला मान नातीचा. पण गप्पांच्या नादात मोजणी चुकली आणि मोज्याला चक्क सहा बोटं झाली.

“अहो, पोरीचा हात आहे की खेकडा?” आजीची हसून हसून पुरेवाट झाली.

“उसवतो गं,” आजोबा ओशाळले.

तेवढ्यात नातीने मोजा पळवला, हातात चढवला आणि उन्हात नाचवला. सहाही बोटं ताठ उभी होती.

आजोबांनी हसतहसत करंगळीपलीकडचं ते रिकामं बोट चिमटीत धरलं. ते ऊबदार लागलं.

“आजोबा, सोडा ना!” नात खिदळली. “गुदगुल्या होतात!”