मऊ कातड्याची खुर्ची

पुन्हा बोलावणं आलं तेव्हा कारागीर पार वैतागला.

"अहो ताई, या खुर्चीचं कातडं मी स्वतः पारखून घेतलंय. लोण्यासारखं मऊ आहे. तिकडे दुकानात कामं खोळंबलीत माझी!"

"आत्ता मऊच आहे हो," बाई हळूच म्हणाल्या. "पण संध्याकाळी खरखरीत होतं."

"कातडं आहे ते, घड्याळ नाही!" त्यानं कपाळावर हात मारला.

तरी त्याची नजर खुर्चीवर रेंगाळलीच. एकसारखी दुहेरी शिवण, कडांना आलेली सुबक गोलाई, मधासारखा रंग. इतकं देखणं काम त्याच्या हातून क्वचितच उतरलं होतं. त्यानं खुर्चीच्या पाठीवर तळवा फिरवला. कुठे सुरकुती नव्हती, की खडबड नव्हती.

"आता तुम्हीच दाखवा, कुठे बिघडलंय?"

बाई उत्तर देणार तेवढ्यात खाली फाटक करकरलं. जिन्यावरून जड पावलं वर येऊ लागली.

"हे आले," त्या पुटपुटल्या.

दारात किल्ली फिरली, आणि कारागिराच्या तळव्याखाली त्या मऊ कातड्यावर सरसरून काटा आला.