घेवड्याचा दाणा

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "आजोबांच्या किडन्या आधीच अधू, त्यात पोटॅशियम फार चढलंय. हृदय कधीही थांबेल. घरी काय खायला देता?"

मी ह्यांच्या शेजारी बसलेल्या सुनेकडे वळले. "वाचा बसली का गं? महिना झाला, किडनीला वाईट म्हणून ह्यांच्या ताटात मी घेवड्याचा दाणा पडू दिला नाही. सासऱ्याची माया आली असेल, तूच चोरून वाढला असशील."

"मी नाही, आत्याबाई," एवढंच म्हणून तिनं मान खाली घातली.

"दाणे थोडे चालतात, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भिजवायचे, भरपूर पाण्यात उकडायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं."

घरात घेवडा शिजला की दाणे मी बाकीच्यांना वाढायची आणि वरचं पाणी वाटीभर ह्यांना पाजायची. म्हटलं, आजारी जिवाला तेवढीच ताकद. सून एकदा म्हणाली होती, "दवाखान्यात विचारू का?" मी तिला झाडलं होतं, "तुझ्या जन्माआधीपासून चूल सांभाळतेय मी."

तिला सगळं ठाऊक होतं, ह्यांनाही. तरी दोघांनी डॉक्टरीणबाईंपुढे माझं नाव घेतलं नव्हतं.

"हिच्याकडे बघू नका," मी म्हणाले. "ते पाणी मीच पाजलंय. ह्यांना दाखल करून घ्या. आणि कसं शिजवायचं ते हिला सांगा. आजपासून ह्यांचं ताट हीच वाढेल."