जळलेली मोटर

गिरणी फिरली. ट्रकच्या वायपरची मोटर, इंडस्ट्रियल एरियातल्या लेथवर कातून घेतलेले दोन लोखंडी रूळ, वर तेलाचा रिकामा डबा कापून केलेलं तोंड. त्यातून मोड आणून वाळवलेले जव असे काही छान भरडून खाली पडले, की रॉक गोन्साल्विस स्वयंपाकघरात एकटाच हसला.

सुझी हसली नाही. "लेंटचा उपास चालू आहे. गावी नंदाखालला तुझी आई चाळीस दिवस मटणाकडे बघत नाही, आणि हा इथे बिअर गाळतोय."

"गाळणार आत्ता, पिणार ईस्टरला."

"शारजा आहे हे, रॉक, दारूला बंदी आहे इथे. कुणी तक्रार केली तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. समोरच्या अन्वरीने लिफ्टमध्ये विचारलं, कसला आवाज येतो म्हणून. पिठाची गिरणी करतोय, मी म्हणाले. आणखी काय सांगणार होते?"

म्हणतात ना, एक खोटं पचलं की दुसऱ्याला भूक लागते. तेवढ्यात बेल वाजली. दारात अन्वरीच उभी होती, ओढणी सावरत, हातात तांदळाचा स्टीलचा डबा. रोज्यामुळे ओठ सुकलेले.

"रॉकभाऊ, झाली म्हणे तुमची गिरणी. एवढ्या तांदळाचा रवा भरडून द्याल? दापोलीहून सासूबाई आल्यात. उद्याच्या इफ्तारला त्यांना सांदणं हवीत. मिक्सरमध्ये तांदूळ तापतो, पीठच होतं त्याचं."

रॉकने मागे वळून गिरणीकडे पाहिलं. रुळांना जवाचा कोंडा चिकटलेला होता. सिंकखालच्या बादलीत मागची खेप आंबत होती. पाण्याचा घुटकाही न घेणाऱ्या, दिवसभर उपाशी असलेल्या म्हातारीचं सांदण यातून काढायचं? बेवडा म्हणा, चोरटा म्हणा, पण इतका खालचा तो नव्हता.

"वहिनी, मोटर जळली."

"अहो, आत्ता तर आवाज येत होता."

"तेव्हाच जळली."

अन्वरीची नजर फरशीवर सांडलेल्या दाण्यांवर गेली. "जव? बरकतीचं धान्य हो. आमच्यात रमजानमध्ये याची खीर करतात. तुमच्या घरीही खातात, बरं वाटलं." डबा तिने ओट्यावर ठेवला. "राहू दे इथेच. इन्शाल्ला होईल दुरुस्त."

ती गेली. रॉकला बायकोकडे बघवेना.

थोड्याच वेळात अन्वरीचा नवरा आला. हमदुल्ला एसी दुरुस्तीच्या कामात होता. एका हातात टेस्टर, दुसऱ्यात कुठल्यातरी जुन्या मशीनची मोटर. "जळली तर ही लावू. यल्ला, चला, बघू दे."

"राहू द्या हमदुल्लाभाई, रोजा आहे तुमचा, कशाला दगदग..."

"शेजारी काय फक्त लिफ्टमध्ये सलाम करायला असतो?" तो उकिडवा बसला आणि त्याने बटण दाबलं.

गिरणी फिरली. गुरगुर करत, अगदी व्यवस्थित.

हमदुल्लाने बटण बंद केलं. उठला. आणलेली मोटर आधी काखेत धरली, मग ओट्यावरचा डबा उचलला.

"आमचा तांदूळ नको होता, तर तसं सांगायचं होतंत, रॉकभाऊ. बाईमाणूस आपण होऊन दारात आली होती."

"तसं नाही हो."

"मग कसं?"

सुझीने डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. रॉकला ते दिसलं. तरी तो वाकला, सिंकखालून बादली ओढली आणि झाकण उघडलं. आंबूस वास सगळ्या स्वयंपाकघरभर पसरला.

"बिअर आहे, घरी केलेली. गिरणी याच्यासाठीच आहे. त्या रुळांतून तुमच्या अम्मीचा तांदूळ कसा भरडू?"

हमदुल्ला दोन पावलं मागे सरला. नाकाला हात लावला. "बंद करा ते."

रॉकने झाकण लावलं. हमदुल्लाने फरशीवरच्या जवाकडे पाहिलं. तो ओरडला असता तर रॉकला सोपं गेलं असतं.

"मला हे दाखवायला नको होतंत," हमदुल्ला हळूच म्हणाला. "मी रागावून घरी गेलो असतो, चार दिवसांत विसरलो असतो. आता घरी काय सांगू?"

त्याने डबा छातीशी धरला आणि तो निघाला. रॉक मागोमाग दारापर्यंत गेला, पण दार लावायचं त्याला सुचलं नाही. समोर अन्वरी आपल्या दारात वाट बघत उभी होती. तिच्यामागे खुर्चीत बसलेली म्हातारी तसबीहचे मणी ओढत होती.

"झाली का हो दुरुस्त?" अन्वरीने विचारलं. "आवाज आला मला."

हमदुल्ला थांबला. मगरिबची बांग अजून व्हायची होती, रोजा सुटला नव्हता. त्याने एकदा आईकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "जळलीच आहे."

"अरेरे. बिचाऱ्यांनी किती मेहनत केली होती," अन्वरी म्हणाली आणि समोरच्या दारातल्या रॉककडे बघून तिने मायेने मान हलवली.